पिवळा सॉकेट

वैतीबाईंची गाडी तीन महिने म्हणत होती,
बाजूला माणूस बसलंय, पट्टा लावा.
बाजूला कोणी नव्हतं.
पहाटे साडेतीनला ट्रॉम्ब्याहून भाऊच्या धक्क्याला जाताना
सीट रिकामीच असते,
आणि फ्रीवेच्या बोगद्यात ती टिंगटिंग
कोळंबीच्या काट्यासारखी कानात टोचत राहते.

"मंग मी त्याला पट्टा लावते," त्या म्हणाल्या,
"नसलेल्याला. काय करनार?
त्याला बांधला की गाडी गप."

दुसऱ्या गॅरेजवाल्याने तीस रुपयांची खोटी क्लिप दिली होती.
खुपसा, विसरा.
ती त्यांनी कप्प्यात टाकली,
दोन वर्षं जुन्या गणपतीच्या पावतीखाली.
"खोटं बोलायचं तर गाडीनं बोलावं. मी कशाला?"

मी स्कॅनर लावला.
स्कॅनर कंपाउंडरसारखा,
ताप आहे एवढं सांगतो, कशाचा ते तुम्ही बघा.
सीट दाबली, थापटली.
जुनी बॅटरी ठेवून पाहिली, उचलून पाहिली.
आमचा शमशाद बसला, उठला, पुन्हा बसला.
पडद्यावरचा आकडा हलेना.
कोणीही येवो, कोणीही जावो,
तिच्या लेखी एकच माणूस, जडशीळ, ठाण मांडून.

एअरबॅगची तार पिवळी असते.
पिवळ्याला हात लावायच्या आधी
बॅटरीची निगेटिव्ह काढायची आणि दहा मिनिटं थांबायचं,
आत साठलेला करंट विझेपर्यंत.
उस्तादांनी मला बाकी काय शिकवलं आठवत नाही,
ही दहा मिनिटं शिकवली.
थांबलो. चहा आला.
वैतीबाईंनी शेहेचाळिसाव्या वर्षी लायसन काढलं,
पहिल्या परीक्षेत चढावावर गाडी मागे घरंगळली
ती थेट इन्स्पेक्टरच्या स्कूटरवर.
"माझा हात होडीचा," म्हणाल्या,
"होडीला कुठं हँडब्रेक असतो?"

मग चार बोल्ट. सीट उलटी.
खाली गालिचा चिंब.
बर्फाचं पाणी, पापलेटचं, मांदेलीचं.
टोपली मागे असली म्हणून काय झालं,
ब्रेक मारला की पाणी पुढेच येतं.
सॉकेटच्या दोन पिनांमध्ये हिरवा, खारट गंज
आणि त्यात रुतलेलं एक खवलं,
अजून चमकणारं.
मीटर लावला,
दोन्ही पिना सीटला न विचारता
आपसात बोलत होत्या.

शमशाद म्हणाला, "हा बघा तुमचा पॅसेंजर."
बाईंनी ते बोटावर घेतलं, उजेडात धरलं.
"जिताडा. चेंबूरच्या हाटेलवाल्याचा.
याचं पैसं अजून यायचं हाय."

ब्रश, स्पिरिट, नव्या पिना.
सॉकेट उचलून वर बांधला, पाण्याच्या पातळीच्या वर.
चावी फिरवली.
गाडी गप्प.
इतकी गप्प की वैतीबाईंनी सवयीने पट्ट्याकडे हात नेला
आणि मागे घेतला.

तेवढ्यात शाळेतून उर्वी आली,
दप्तर फेकून सीटवर चढली.
बावीस किलो.
गाडी म्हणाली, रिकामी.
"बाबा, मी बसलेय ना?"
बसलीयस.
"मग हिला का कळत नाही?"
मी सांगू लागलो, एअरबॅग जोरात फुगते,
लहान माणसाला लागेल, म्हणून तशी मोजदाद,
तुझ्याच भल्यासाठी ती तुला
कोणी नाही असं म्हणते.
बोलता बोलता जीभ अडखळली.
हे वाक्य मी आधीही कुठेतरी ऐकलं होतं,
तेव्हा त्यात गाडी नव्हती.

उर्वीने काही ऐकलं नाही.
वाकून माझी लोखंडी पेटी ओढली,
दोन्ही हातांनी, दात-ओठ खात,
मांडीवर घेतली.
टिंग.

"आता आहे," ती म्हणाली.

वैतीबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.
मग त्यांनी पेटी उचलून खाली ठेवली
आणि मागचं दार उघडून धरलं.